एकतीस नंबरची पट्टी

अल्माटी, रविवार दुपार

प्रिय एर्केम,

गेल्या तीन आठवड्यांत मी तुला अकरा वेळा फोन केला. सात वेळा तू उचललाच नाहीस. तीन वेळा आयसाना रडतेय म्हणून ठेवलास, आणि त्यातल्या एका वेळी तरी ती मागे चांगली खिदळत होती, मला ऐकू आलं. अकराव्या वेळी म्हणालीस, “झेंगे, तुझ्या यंत्रानं माझ्या आईला वाचवलं नाही. आता माझ्या मागे कशाला लागलीस?” आणि खट्कन बंद केलास. त्यावर मला बोलायचं होतं, पण जे बोलायचं होतं ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून कागद घेऊन बसले. तेवीस वर्षांत वहिनीनं नणंदेला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. एवढंच कर, शेवटपर्यंत वाच. मधेच राग येऊन फाडावंसं वाटलं तर फाड, पण मग तुकडे जुळवून उरलेलं वाच.

आज रविवार, त्यामुळे प्रयोगशाळेत मी एकटीच आहे. घरी लिहायला बसले असते तर तुझा भाऊ चष्मा शोधायच्या निमित्तानं मागे येऊन उभा राहिला असता. त्याला वाटतंय मी कामाला आलेय. तो बरा आहे. गुडघा दुखतो म्हणतो आणि तरी बाल्कनीत टोमॅटोच्या रोपांशी तासन्‌तास उकिडवा बसतो. मी सकाळपासून तीनदा चहा केला आणि तीनदा निवला म्हणून ओतून दिला. मेज पुसलं. नळ्या नंबराप्रमाणे लावल्या, त्या आधीच लागलेल्या होत्या. आपा असती तर म्हणाली असती, “सून घरभर फिरतेय, म्हणजे काहीतरी गिळून बसलीय.” मी काही लपवलं की माझे हात स्वस्थ राहत नाहीत, हे माझ्या आईला कळलं नव्हतं ते माझ्या सासूला पहिल्या वर्षातच कळलं होतं.

तू एकदा चेष्टेनं विचारलं होतंस, एका भोकात डोकावून बघायला झेंगेला आठ वर्षं का लागावीत? खरंच ते एक भोकच आहे. नॅनोपोर म्हणतात त्याला. डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ पापुद्रा, आणि त्याला इतकं बारीक छिद्र की एका वेळी एकच कण त्यातून जाईल. दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी आणि छिद्रातून वाहणारी अगदी क्षीण वीज. सार्कानला तुझे बाबा वसंतात मेंढ्या मोजायचे ते आठव. कळप आवारात कोंडायचा, एक फळी सरकवायची, आणि एकेक मेंढी बाहेर सोडायची. कळपात असताना लंगडी कुणाला दिसत नाही, पण त्या फटीतून एकटी जाताना ती अडखळतेच. आमचंही तेच. एकेक धागा छिद्रातून जातो, तेवढ्यापुरती वीज मंदावते, आणि किती मंदावली, किती वेळ मंदावली, त्यावरून कोण गेलं ते आम्ही ओळखतो. स्तनाचा कर्करोग अगदी कोवळा असतो, हाताला गाठसुद्धा लागत नाही, तेव्हाच तो काही ठरावीक धागे अश्रूंत सोडत असावा, असा आमचा कयास. सुई नको, चिरफाड नको, अंगावरचं काही उतरवायला नको. आपल्या बायका कपडे उतरवायच्या लाजेनं डॉक्टरांकडे जात नाहीत, म्हणून तर आम्ही डोळ्यांकडे वळलो. यंत्र भारी नाजूक आहे. खालच्या रस्त्यावरून ट्रॉलीबस गेली तरी पडद्यावरची रेघ थरथरते, आणि मार्चमध्ये जमीन जराशी हलली तेव्हा आमचं अख्ख्या दिवसाचं काम पाण्यात गेलं. आणि ते अजून प्रयोगातच आहे, हे मात्र ध्यानात ठेव. त्यानं खूण दाखवली म्हणजे आजार आहेच असं नाही. पुढं जाऊन नीट तपासायचं, इतकाच त्याचा अर्थ.

अडचण आली ती अश्रूंचीच. दवाखान्यात बायका यायच्या, आम्ही पापणीखाली कागदाची पट्टी लावायचो, डोळा चुरचुरून पाणी यायचं, पण ते नुसतंच पाणी. आम्हाला हवे ते कण त्यात सापडेनात. कांदा चिरून पाहिला, तेच. मनापासून रडलेलं हवं होतं, आणि सांगून कोण रडतं? आपा जाऊन महिना झाला होता. सार्कानच्या स्वयंपाकघरात थोरल्या शेशेंना, तुझ्या मोठ्या काकूंना, मी हे रडगाणं सांगत होते. त्या शुक्रवारचे शेलपेक, मृतांच्या नावानं वाटायच्या पुऱ्या, तळत होत्या. कढईतून नजर न काढता म्हणाल्या, “शहरात अश्रू शोधतेस होय? चाळिसाव्याला आमच्याकडे ये. येताना बादली आण.” मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी मनावर घेतलं. मुल्लांना विचारलं, घरोघर निरोप धाडले, आणि सगळ्यांना सांगितलं की आपा लाजेपायी गेली, तिच्यासाठी रडाल ते दुसरीच्या उपयोगी पडू दे. मी समितीची परवानगी आणली, सह्यांचे कागद आणले. चाळिशीच्या पुढच्याच बायका घ्यायच्या असं ठरलेलं होतं आणि तू छत्तीसची, म्हणून तुझं नाव यादीत आलं नाही. तुमच्या घराण्यातल्या कुणाचं नाव मला, सुनेला, तोंडानं घेता येईना, म्हणून शेजारची शिक्षिका यादी लिहायला बसली. तीस नावं झाली. मग थोरल्या शेशे माझ्याकडे वळल्या. सून सगळ्यांचे डोळे मागते आणि स्वतःचा देत नाही, हे कुठलं शहाणपण? सगळ्या हसल्या. शिक्षिकेनं एकतिसाव्या ओळीवर माझं नाव लिहिलं.

पट्ट्या गोठवून इथं आणल्या. त्यांच्या नंबरांवर दुसरे नंबर चिकटवले, म्हणजे वाचणारीला कुणाचं काय ते कळू नये. वाचणारी मीच होते. तिसऱ्या आठवड्यात एक पट्टी अशी निघाली की रेघ बघून मी खुर्चीतून उठले आणि जागच्या जागी नाचले. हो, नाचले. आठ वर्षांत इतकी स्वच्छ खूण पाहिली नव्हती. मी प्रयोगशाळेतल्या मुलींना हाका मारून दाखवलं, पडद्याचा फोटो काढला. पट्टी म्हणजे एक बाई आहे, हे त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. मग तेवीस दिवसांपूर्वीच्या शुक्रवारी आमच्या प्रमुख नीना पेत्रोव्नांनी सगळ्यांसमोर वरचे नंबर सोलले. त्या पट्टीवर खाली एकतीस निघाला. त्यांनी यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि दार लावलं. सत्तरीची बाई, सहसा कुणाला शिवायची नाही. माझा हात हातात धरून बसली.

पुढच्या दहा दिवसांत माझा मॅमोग्राम झाला, सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला. तिन्हीत काही नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखी ठणठणीत बाई आठवड्यातून एकदा दिसली तरी आम्हाला बरं वाटेल. मुलींनी मधाचा केक आणला, मी दोन तुकडे खाल्ले. तुझ्या भावाला मी सगळं उरकल्यावरच सांगितलं होतं. तो उठून बाजारात गेला आणि सणासुदीची काझी, घोड्याच्या मांसाची, घेऊन आला. घरात बायको वाचली म्हणून काझी शिजत होती, आणि बायको मोरीत नळ सोडून तुला फोन लावत होती. नीना पेत्रोव्नांनी वहीत लिहिलं, “एकतीस: यंत्राची चूक.” त्यानंतर सगळे माझ्याशी जपून बोलायला लागले. त्यांना वाटलं, आठ वर्षांची मेहनत फसली म्हणून राउशानला चैन पडत नाही. मी त्यांना तसं वाटू दिलं.

एर्केम, आता आपाबद्दल लिहिते. हे तुझ्याशी मी कधी नीट बोलले नाही. तू म्हणशील विषय बदलला, पण नाही बदलला. आठवतं ना, शनिवारी मोन्शात, वाफेच्या न्हाणीघरात, आपण सगळ्या एकत्र जायचो, आणि आपाची पाठ घासायचं काम माझं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा घासली तेव्हा म्हणाली होती, भांडी घासतेस की माणूस? पण नंतर दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आजार कळला त्याच्या आदल्या वर्षी तिनं अचानक आमच्याबरोबर यायचं सोडलं. म्हणे वाफ सोसत नाही, मी शेवटी एकटी जाईन. उन्हाळ्यातसुद्धा मखमली काम्झोल अंगातून काढेना. आम्ही म्हणालो, वय झालं, लहर आहे. मी म्हणाले. मी, जी दिवसभर याच आजाराचे धागे मोजते. घरात एक बाई छातीवर हात दाबून स्नानाला एकटी जाते, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नंतर हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, का नाही सांगितलंत? तर म्हणाली, “लेकाच्या घरात उघडी कशी पडू, ग?” तिनं वर्षभर गाठ लपवली. मग आम्ही तिच्यापासून आजाराचं नाव लपवलं, सूज आहे म्हणून सांगितलं. आणि तुझ्यापासून सगळंच लपवलं. तुझा भाऊ म्हणाला, अंगावर पाजणारी बाई आहे, धसका घेतला तर दूध आटेल. तो त्याचा निर्णय होता असं मी आजपर्यंत सांगत आले. तो माझाही होता. मी त्याला अडवलं असतं तर तुला आईबरोबर चार महिने जास्त मिळाले असते. तू जुलैत आलीस तेव्हा तिला तुझ्याशी धड बोलताही येत नव्हतं. तुझा राग अगदी रास्त आहे. तो कमी कर असं मी म्हणत नाही.

आता चाळिसाव्याकडे येते. जेवणं झाली, कुराण झालं, पुरुष बाहेर गेले, आणि तू भिंतीकडे तोंड करून जोक्ताऊ, आपाचं शोकगीत, म्हणायला बसलीस. तुझा आवाज आपासारखा आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सगळ्या बायका हुंदके देऊ लागल्या, मी एकेकीच्या पापणीखाली पट्टी लावत फिरले, नळीत घालत गेले. मग माझी पाळी आली. मी पट्टी लावून बसले आणि डोळे कोरडे ठणठणीत. दफनाच्या दिवशीही मी रडले नव्हते, ते लोकांनी सोडून दिलं होतं, स्वयंपाकात होती म्हणून. आता तीस बायका बघत होत्या. सासूला चार महिने न्हाऊमाखू घातलं, तिचा कफ पुसला, रात्री जागले, पण माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, तो काम्झोल मी का काढायला लावला नाही. त्याच्यावर अश्रू येत नाहीत, एर्केम. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “दगडाची सून आणली होती बिचारीनं.” मी ऐकलं. तूही ऐकलंस. तू जोक्ताऊ थांबवलीस, गळाभेट घ्यायला आल्यासारखी माझ्याकडे सरकलीस, मला मिठीत घेतलंस, आणि सगळ्यांकडे आपल्या दोघींची पाठ असताना माझ्या डोळ्याखालची पट्टी काढून तुझ्या डोळ्यांना लावलीस. टिपून टिपून भिजवलीस. माझ्या मुठीत परत कोंबलीस आणि कानात म्हणालीस, “घे झेंगे, माझ्याकडे भरपूर आहेत.”

तू माझ्यावर इतकी रागावलेली होतीस, तरी चारचौघींत माझी लाज राखलीस. मी मूठ उघडून ओली पट्टी सगळ्यांना दिसेल अशी नळीत घातली, वर एकतीस लिहिलं. मनात म्हटलं, अल्माटीला गेल्यावर काढून टाकीन. काढली नाही. खरं सांगायचं तर, दुसऱ्याच दिवसापासून मी ते न घडल्यासारखं धरून चालले. आपली चूक माणूस अशी सोयीनं विसरतो.

तू हुशार आहेस, दोन पानं आधीच तुझ्या लक्षात आलं असेल. मलाही त्या शुक्रवारी त्याच क्षणी आलं. नीना पेत्रोव्नांनी वरचा कागद सोलला, खाली एकतीस दिसला, आणि मला तुझा गाल दिसला, ओला. त्या माझा हात धरून मला धीर देत होत्या आणि मी गप्प. कारण बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, दुसरीचा अश्रू माझ्या नंबरावर आला कसा? शास्त्रात याला एकच नाव आहे. खोटा नमुना. मी स्वतः नमुने गोळा केलेत, म्हणजे बाकीच्या तिसांवरही कुणी विश्वास का ठेवावा? आठ वर्षं, सगळ्यांची. म्हणून मी तपासण्यांना गेले. माझ्यात काही सापडणार नाही हे ठाऊक असताना यंत्राखाली तीनदा आडवी झाले, श्वास धरा म्हटलं की धरला, सोडा म्हटलं की सोडला. लोकांनी माझ्यासाठी केक आणला तो खाल्ला. आणि चोरासारखी तुला फोन करत राहिले, की सहज जाऊन तपासून ये, या वयात एकदा करून घ्यावं, अमकीनं केलं, तमकीनं केलं. मला वाटलं, तू आपणहून गेलीस तर मला काही सांगावंच लागणार नाही. तुझ्या जिवावर मी माझी अब्रू वाचवायला बघत होते, एर्केम. यापेक्षा सौम्य शब्द मी शोधला, मला सापडला नाही.

आपानं एक वर्ष लपवलं तेव्हा मी मनात तिच्यावर चिडले होते. किती अडाणीपणा, म्हटलं होतं. ती निदान स्वतःची गाठ लपवत होती. मी शिकलेली बाई, तुझी लपवत होते.

काल मी नीना पेत्रोव्नांच्या दाचावर, गावाबाहेरच्या बागेतल्या घरी, गेले. सफरचंदाच्या झाडांच्या बुंध्यांना त्या चुना लावत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एकही गोष्ट हातची न राखता. त्या ऐकत ऐकत एक बुंधा पुरा करत होत्या. मला वाटलं आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. कुंचला बादलीत ठेवला आणि म्हणाल्या, “यंत्राचं मागाहून बघू. तुझंही मागाहून बघू. ती बाई कुठं आहे?” मी म्हटलं, तल्दीकोर्गानला. त्यांनी हातावरचा चुनासुद्धा न धुता फोन लावला. इथल्या मोठ्या रुग्णालयात त्यांची जुनी विद्यार्थिनी आहे, तिच्याकडून सोमवारी दुपारी तीनची वेळ घेतली. मग म्हणाल्या, ती तेव्हा अंगावर पाजत होती का? मी म्हटलं, हो, मूल दहा महिन्यांचं होतं. तर म्हणाल्या, पाजणाऱ्या बाईच्या अश्रूंत काय काय असतं ते आपण कधी वाचलेलं नाही, म्हणजे यंत्र फसलंही असेल. हे त्यांनी माझं समाधान करायला म्हटलं की खरंच, मला कळलं नाही. समितीपुढं मला जावं लागणार आहे, आणि माझी नोकरी राहील असं वाटत नाही. मी काल तिथून निघाले तेव्हा कितीतरी दिवसांनी पोट भरून जेवले.

एक गोष्ट मात्र मला आतून पोखरते आहे. तुझ्यात काही सापडलं तर माझं यंत्र खरं ठरेल. इतकं लवकर पकडलं म्हणून लोक वाहवा करतील. आणि मी या खोलीत, तांब्याच्या जाळीतल्या यंत्राच्या पेटीसमोर बसून, आठ वर्षांत पहिल्यांदा अल्लाकडे मागतेय की ते यंत्र खोटं ठरू दे, कवडीमोल ठरू दे, त्याची भंगारात रवानगी होऊ दे. आणि लगेच दुसरा विचार येतो, की जर असेलच, तर आत्ताच सापडू दे, एवढंसं असताना, आपाला जे मिळालं नाही ते तुला मिळू दे. मग मी उठते आणि पुन्हा मेज पुसते.

सोमवार, सकाळ

हे पत्र मी बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवणार होते, तुझ्यासाठी बांधलेल्या चहाच्या पुड्याबरोबर. काल संध्याकाळी पाकीट बंद केलं आणि मग बसवेना. तुझा नवरा खाणीवर पाळीला गेलाय, घरात तू आणि लेकरू. आपल्यात अशी बातमी कुणाला एकटीनं ऐकू देत नाहीत. माणसं आधी घरी जातात, शेजारी बसतात, मग सांगतात. पण तुझ्यासमोर बसले तर मी पुन्हा काहीतरी झाकून सांगेन, स्वतःला मी आता ओळखते. म्हणून दोन्ही केलं. पहाटे तुझ्या भावाला उठवून सगळं सांगितलं. त्यानं उठून गाडीची किल्ली दिली आणि म्हणाला, या वेळी तिला सगळं सांग. आत्ता मी तुझ्याच अंगणात, तुमच्या इमारतीच्या दारासमोर गाडीत बसून हे लिहितेय. पाकीट तुझ्या दाराशी ठेवीन, बेल वाजवीन आणि खाली येईन. तू बोलावलं नाहीस तर वर येणार नाही. पण खाली ये, एर्केम. ओळखपत्र घे, आयसानाचे कपडे घे, तिचं दूध घे. तीन वाजता पोचायचंय आणि साडेतीन तासांचा रस्ता आहे. मला जे काही बोलायचं असेल ते गाडीत बोल, सगळं ऐकेन. नाही बोललीस तरी चालेल, नुसती शेजारी बस.

तुझीच,
राउशान झेंगे